शुक्रवारची वही

लिव्हरच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती : ‘हिपॅटायटिस सी, इंटरफेरॉन चालू. झोप नाही, रडतात. कृपया पाहावे.’ मी तेव्हा मानसोपचारात नवीन होते. पंचेचाळिशीचे सुतारकाम करणारे गृहस्थ समोर येऊन बसले, दोन्ही हात मांडीवर पालथे टाकून. दुखण्याची धास्ती घेतली असणार, हे मी चिठ्ठी वाचतानाच ठरवून टाकलं होतं. वीस मिनिटं धीर देत राहिले. ते मान डोलवत होते. मग एवढंच म्हणाले, "डॉक्टर, भीती नाही वाटत. काहीच वाटत नाही."

त्यांच्या पत्नीने पिशवीतून वही काढली. दर शुक्रवारी इंटरफेरॉनचं इंजेक्शन. त्यापुढे ताप, झोप, जेवण, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. पहिल्या दोन आठवड्यांत ताप, अंग मोडून येणं, जेवण अर्धं. पाचव्यात ‘दुपारीही पडून’. आठव्यात ‘विनाकारण रडले’. नवव्यात दोनदा गिरवलेली एकच ओळ : ‘म्हणतात, मला सोडून दे.’

ती वाचून मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? "हो," ते म्हणाले. घरातल्या पटाशा त्यांच्या पत्नीने आधीच कुलपात ठेवल्या होत्या. मी न सांगताच तिला कळलं होतं.

आजार त्यांना दोन वर्षांपासून माहीत होता आणि ती दोन वर्षं त्यांनी हसतखेळत काढली होती. बदल झाला तो इंजेक्शनं सुरू झाल्यावर, पायरी पायरीने. इंटरफेरॉन हा शरीर स्वतःच विषाणूविरुद्ध बनवतं तो पदार्थ. आम्ही तोच बाहेरून आठवड्यामागून आठवडे देत होतो. धोक्याची घंटा वाजतच राहिली, की तिचे रासायनिक निरोप, म्हणजे सायटोकाइन, मेंदूपर्यंत पोचतात. तिथल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशी जाग्या होतात. सेरोटोनिन ज्यापासून बनतं ते ट्रिप्टोफॅन भलत्याच वाटेला वळतं. फ्लूमध्ये आपल्याला पडून राहावंसं वाटतं, कुणी नको होतं, ते यामुळेच. फ्लू चार दिवसांत उतरतो. यांचा दोन महिने उतरला नव्हता. या उपचारात साधारण चारांत एकाला डिप्रेशन येत असे. मी हे वाचलेलं होतं, तरी त्या माणसात पाहिलं नव्हतं, याची खंत आजही आहे.

मी त्यांना हे सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "म्हणजे मी मनाने दुबळा नाही?"

"नाही हो. हे त्या औषधाचं काम आहे."

त्यांनी मांडीवरचे हात उलटे केले आणि तळव्यांकडे पाहत राहिले.

लिव्हरच्या डॉक्टरांशी त्याच दुपारी बोलणं झालं आणि इंजेक्शन थांबलं. हिपॅटायटिस सीचा विषाणू अंगात राहणार, हे ठाऊक असूनही. सोबत डिप्रेशनचं औषध दिलं, दर दोन दिवसांनी फोन ठरवला.

यावरून सगळंच डिप्रेशन दाहातून, म्हणजे शरीराच्या या धोक्याच्या घंटेतून, येतं असं मी मानत नाही. तशा आशेने 2013 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे दाहविरोधी औषध 60 रुग्णांच्या अभ्यासात वापरून पाहिलं गेलं. एकूण गटाला फायदा झाला नाही. रक्तातला सीआरपी, म्हणजे दाहाची खूण दाखवणारं प्रथिन, आधीच वाढलेल्यांमध्ये मात्र झाल्यासारखं दिसलं. म्हणून मी आता नव्या रुग्णाला ताप, सांधे, चालू औषधं, सगळं खोदून विचारते, आणि घरच्या माणसाचं म्हणणं आधी ऐकते.

पुढे गोळ्यांचे उपचार आले, बारा आठवड्यांचे. त्यांनी ते घेतले, विषाणू गेला. पण मला जास्त आठवतं ते इंजेक्शन थांबल्यानंतरच्या सहाव्या शुक्रवारचं पान. ताप, झोप, जेवण हे रकाने रिकामे होते. खाली फक्त लिहिलं होतं, ‘आज माझ्याशी कडाकडा भांडले.’