फुटलेला फोन

जो फोन अजून बाजारात आलेला नाही, आला तरी परवडणार नाही आणि परवडला तरी हातातला चालतोय म्हणून आपण घेणार नाही, त्या फोनवरून माणसं तावातावानं भांडतात. मला हे भांडण फार आवडतं. पाऊस, सोयाबीनचा भाव, भावकीतला बांध, या विषयांत कुणाचं ना कुणाचं पोट अडकलेलं असतं. आवाज चढतो आणि पुढं आठवडाभर रामराम बंद. फोनच्या फोटोवरून कितीही वाजलं तरी कुणाच्या घरचं काही जात नाही, त्यामुळं डोकी अगदी मोकळी चालतात.

उदगीरला आमची बसायची जागा म्हणजे कव्हर आणि स्क्रीनगार्डच्या एका दुकानापुढचं बाकडं. तिथं सध्या एक फोटो फिरतोय. एका बड्या कंपनीचा येऊ घातलेला फोन म्हणे. प्लायवूडच्या टेबलावर पालथा ठेवलाय. पाठीवर आडवी जाड पट्टी, तिच्यात कॅमेरे. खाली काळ्या टेपचा तुकडा चिकटवून काहीतरी झाकलंय. कोपऱ्यात कुणाच्यातरी अंगठ्याचं नख आलंय आणि नखात मळ. फोटो जरासा हललेला.

"खोटंय हे," आयटीआय करणारा पोरगा म्हणाला. "एवढं बेढब कोण काढतंय? पाठीवर जू ठेवल्यागत दिसतंय."

निवृत्त गुरुजींनी चष्मा कपाळावर सारला आणि बोटांनी फोटो मोठा केला. "नख बघ. साहेबाचं नख असं नसतं. कारखान्यातल्या माणसाचा हात आहे हा. फोटो खरा."

"मग टेप कामून लावलीय?" दुकानदार आतून म्हणाला.

टेपेचं कारण सरळ आहे. विक्रीआधीच्या नमुन्यावर बारकोड असतात, स्टिकरं असतात, कधी नेहमीच्या चिन्हाच्या जागी भलतंच काही असतं. त्यावरून नमुना कुणाच्या टेबलावरचा हे कंपनीला काढता येतं. फोटो फोडणारा, म्हणजे कंपनीच्या आधीच तो बाहेर सोडणारा, त्यामुळं आधी नंबर झाकतो. पण ही अक्कल खोटा फोटो करणाऱ्यालाही आहे. टेप लावायला काय लागतं? हललेल्या फोटोचंही तसंच. एखादा फोटो फारच चकचकीत असला की माणसं म्हणतात, कॉम्प्युटरवर केलाय; अंधुक असला की म्हणतात, घाईत, लपून काढलाय, खरा असणार. हे कळल्यापासून बनवणारेही मुद्दाम अंधुक करायला लागले. आता तर दोन ओळी लिहून दिल्या की यंत्रच फोटो काढून देतं, मळक्या नखासकट.

मला जास्त गंमत वाटते ती पोराच्या मुद्द्याची. बेढब आहे, म्हणून खोटं. जगभर याच कसोटीवर लोक फसत आलेत. २०१० साली मार्चमध्ये ॲपलच्या एका इंजिनिअरचा फोन कॅलिफोर्नियात रेडवूड सिटीच्या एका बारमध्ये राहिला. वरून आधीच्या आयफोन थ्रीजीएससारखा दिसावा म्हणून त्याला तसं कव्हर घातलेलं. आत निघाला आयफोन ४. गिझमोडो नावाच्या तंत्रज्ञानाच्या वेबसाइटनं तो ५,००० डॉलर मोजून घेतला आणि एप्रिलमध्ये उघडून दाखवला. त्याआधी नुसते फोटो फिरत होते तेव्हा शंकेखोरांचा मोठा आक्षेप कडेच्या पट्टीवरच्या चिरांवर होता. एवढ्या नीटनेटक्या कंपनीच्या फोनला सांधे? शक्यच नाही, कुठलीतरी नक्कल आहे! पुढं कंपनीनंच वस्तू परत द्या म्हणून पत्र पाठवलं आणि वाद मिटला. जूनमध्ये फोन बाजारात आला तो चिरांसकट. ती स्टीलची पट्टी म्हणजेच अँटेना होता आणि चिरा म्हणजे त्याचे भाग वेगळे ठेवणाऱ्या फटी. त्यातल्या डाव्या बाजूच्या फटीवर हात आला की सिग्नल पडायचा, मग कंपनीनं लोकांना फुकट बंपर, म्हणजे कडेला बसणारी कव्हरं, वाटली, ती कथा वेगळीच.

२०१८ मध्ये गूगलच्या पिक्सेल ३ एक्सएलचं तर हसंच झालं. चोरीला गेलेले फोन युक्रेनच्या बाजारात पोचले, खोका फोडण्यापासूनचे व्हिडिओ आले, तरी त्याचा तो विहिरीसारखा खोल नॉच, म्हणजे पडद्याच्या वरच्या कडेची खाच, बघून कित्येकांना पटेना. काहींनी अर्थ लावला की कंपनी मुद्दाम खोटा फोन पसरवून गंमत बघतेय, खरा वेगळाच ठेवलाय. ९ ऑक्टोबरला खरा आला. नॉच तेवढाच खोल. पुढच्या जानेवारीत आयफोनच्या पाठीवर चौकोनात तीन भिंगं बसवलेलं चित्र फिरलं, लोकांनी ते हसण्यावारी नेलं आणि सप्टेंबरात तेच चौकोन दुकानांत मांडले गेले. गूगलनं मात्र २०१९ च्या जूनमध्ये लाज सोडली: पिक्सेल ४ ची चित्रं फुटायला लागल्यावर स्वतःच पाठीचा फोटो टाकून मोकळी झाली.

माझं म्हणून एक मत यातून बनलंय. फुकट बसून कल्पनेनं चित्र काढणारा माणूस फोन नेहमी देखणा काढतो. कडेला चौकट नाही, भिंगांचा उंचवटा नाही, जाडी पापडाएवढी. खऱ्या फोनला बॅटरी ठेवायची असते, भिंगाला खोली लागते, अँटेनाला फट लागते, खर्च आवरायचा असतो. तेव्हा फोटोतला फोन बघून 'शी!' झालं, की मी त्याला खरेपणाचे दोन गुण आधीच देऊन टाकतो.

आमच्याकडं खरं तर पारखी माणसांची वाण नाही. बैलांच्या जातीसाठी नावाजलेली देवणी इथून हाकेच्या अंतरावर. माळेगावच्या जत्रेत बैल घेणारा आधी कपाळ, कान, खांदा बघतो, मग जबडा उघडून दात मोजतो, वय ठरवतो. आदत, दुसा, चौसा, का जुळलेला. विकणाऱ्यानं शिंगं तासून तेल चोळलेलं असलं तरी दात काही त्याचं ऐकत नाहीत. एवढ्यावरही भागत नाही, चार पावलं चालवून घेतात. फोटोतल्या फोनचा जबडा कसा उघडायचा? गुरुजींची सगळी विद्या नखावर येऊन थांबते ती त्यामुळं.

आणि हातात दिला तरी काय? फेब्रुवारी २०१६ मध्ये २५१ रुपयांत स्मार्टफोन म्हणून देशभर गलका झाला होता, आठवतं? आमच्या बाकड्यावरही नोंदणी करायला झुंबड उडाली होती. नमुना म्हणून पत्रकारांच्या हातात जे फोन ठेवले, त्यांच्यावर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं आणि ते व्हाइटनरनं झाकलेलं होतं. व्हाइटनर! शाळकरी पोरं प्रगतिपुस्तकावर लावतात तो. तिथं अंधुक फोटोची गरजच पडली नाही, वस्तू सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होती.

दुकानदार या सगळ्यात फारसा बोलत नाही. त्याची कसोटी निराळी. "कव्हर आलं का?" एवढंच तो विचारतो. त्याचं म्हणणं असं, की फोटो काढणाऱ्याचं काही जात नाही, वाद घालणाऱ्याचं तर नाहीच नाही. कव्हर बनवणाऱ्याला मात्र साचा पाडावा लागतो, माल काढावा लागतो. कॅमेऱ्याचं भोक जरा जरी इकडं-तिकडं झालं तरी सगळा माल भंगारात. असा माणूस मापं खात्री करूनच घेणार. बटण कुठं, चार्जिंगचं तोंड केवढं, सगळं कारखान्यांतून फिरणाऱ्या कॅड फाइलींतून, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या आराखड्यांतून, आधी बाहेर येतं आणि फोन यायच्या आधी त्याची कव्हरं येतात. मला हा मुद्दा आमच्या सगळ्यांच्या मुद्द्यांपेक्षा वजनदार वाटतो.

पण तोही कधीतरी गोत्यात आणतोच. २०११ साली नव्या आयफोनची म्हणून एका बाजूला निमुळती होत जाणारी कव्हरं निघाली होती. चार ऑक्टोबरला ॲपलनं दाखवला आयफोन ४एस, अंगानं जवळपास जुन्या चारसारखाच. निमुळता फोन कुठंच नव्हता. ज्यांनी साचे पाडले त्यांनी काय केलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. हे मी दुकानदाराला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणून तर मी चीनवाल्याच्या अगुदर कधी माल उचलत नसतो."

पोरानं मग कागदाचा मुद्दा काढला. भारतात फोन विकायचा तर भारतीय मानक ब्युरोकडं त्याची नोंदणी लागते, त्या यादीत मॉडेल क्रमांक आधीच दिसतो. चीनमध्ये फोनला मंजुरी देणाऱ्या टेना या संस्थेच्या नोंदीत तर फोटोसुद्धा असतात. ते ऐकून गुरुजी खूश झाले. सरकारी कागद म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. पण यादीतल्या क्रमांकावरून फोन येणार एवढंच कळतं. पाठीवर जू असेल का नसेल, ते त्या आकड्यात लिहिलेलं नसतं. वाद पुन्हा नखावर आला.

शेवटी दुकानदारानं त्या न आलेल्या फोनची थोडी कव्हरं मागवलीच. उदगीरला तो लाखाचा फोन घेणारे किती निघणार, हे त्यालाही ठाऊक आहे. पण त्याचा हिशेब वेगळा. दर्शनी खिळ्यावर टांगलं की माणूस थांबतो, हे कशाचं म्हणून विचारतो आणि जाताना जुन्या फोनला स्क्रीनगार्ड टाकून जातो. कव्हरवर भली मोठी आडवी खाच आहे, फोटोतल्या पट्टीएवढीच. पोरानं ते हातात घेतलं, खाचेतून बोट फिरवलं, चेहरा थोडा पडला. तरी माघार नाही. "कव्हर कोणी बी करतंय," म्हणाला.

परवा गुरुजींच्या फोनवर नांदेडच्या त्यांच्या भाच्यानं एक फोटो पाठवला. खाली लिहिलेलं: 'मामा, आता तर पक्का पुरावा आला.' फोटोत ते कव्हर, खिळ्याला टांगलेलं. मागं या दुकानाचंच कॅलेंडर आणि त्याच्या खाली बाकड्यावर बसलेल्या गुरुजींचा अर्धा खांदा.

गुरुजींनी चष्मा कपाळावर सारला, फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ पाहिला.

"हा मात्र खरा वाटतोय," म्हणाले.