आक्कांनी नाकारलेली पाळी

कोल्हापुरातील एका मेमरी क्लिनिकमध्ये मी समुपदेशक म्हणून काम करते. डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) निदान सुरुवातीच्या टप्प्यात झालेली व्यक्ती आणि तिच्या घरची माणसे यांच्याबरोबर बसून पुढच्या देखभालीची आखणी करणे, हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. बहुतेक घरांत ही आखणी आमच्याकडे येण्यापूर्वीच झालेली असते. फक्त जिच्यासाठी ती केलेली असते तिला कोणी काही विचारलेले नसते. मंगळवार पेठेतल्या आक्कांच्या बाबतीत (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत) नेमके तसेच झाले होते.

आक्कांनी उमेदीची सगळी वर्षे खानावळ चालवली. उद्यमनगरातल्या फाउंड्रींत काम करणारी, बाहेरगावची मुले त्यांच्याकडे जेवायला असत. सत्तरी ओलांडल्यावर पांढऱ्या रश्शात दोनदा मीठ पडू लागले आणि महिन्याचा हिशेब जुळेना, तेव्हा सुनेने आग्रह धरून त्यांना तपासणीला आणले. बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्या, मग एमआरआय, आणि अखेरीस अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकाराचे निदान, असा तो क्रम होता.

त्या दिवशी दोन्ही मुलगे आले होते. थोरला कोल्हापुरातच असतो, धाकटा पुण्याला. धाकट्याने टाइप केलेला कागद माझ्यासमोर ठेवला : आई पाळीपाळीने सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे, औषधांचा खर्च निम्मा निम्मा. दोन भावांमधला न्याय म्हणून त्या कागदात काहीही खोट नव्हती, आणि आई-वडिलांना टाळणारी मुले मी इतकी पाहिली आहेत की या दोघांविषयी मला आदरच वाटला. तरीही आईच्या आजाराच्या दृष्टीने ती वाटणी घातक होती. अल्झायमरमध्ये नवी आठवण साठवण्याची क्षमता आधी जाते, पण वर्षानुवर्षांची सवय बरीच उशिरापर्यंत टिकते. त्यामुळे ज्या घरात रात्री दिवा न लावताही माणूस न्हाणीघरापर्यंत जातो, ते घर त्याला पुष्कळ काळ सांभाळून घेते. उलट पुण्याच्या फ्लॅटमध्ये संडास कुठे आहे हे शिकायला महिने जातात आणि ते थोडेफार अंगवळणी पडेपर्यंत परतण्याची वेळ येते.

हे मी सांगत असताना आक्का माझ्या शेजारीच बसल्या होत्या आणि दोघेही मुलगे त्यांच्याविषयी "तिला", "तिचं" असे बोलत होते. ही सवय चांगल्या घरांतही सर्रास दिसते. मी त्यांना खाली जाऊन चहा घेऊन येण्याची विनंती केली.

"मावशी, मुलांनी काय ठरवलंय ते ऐकलंत ना? तुम्हाला काय वाटतं?" असे मी विचारले.

"ऐकलं की. सहा म्हैनं हितं, सहा म्हैनं तितं. मी काय सासनकाठी हाय व्हय गं, ह्या दारातनं त्या दारात नाचवायला?" (सासनकाठी म्हणजे जोतिबाच्या यात्रेत नाचवत नेतात ती उंच काठी.)

सकाळची वेळ मी मुद्दामच दिली होती, कारण अशा रुग्णांचा गोंधळ बहुधा दुपार ढळल्यावर वाढतो. स्मरणशक्तीच्या आदल्या तपासणीत त्यांना तीसपैकी बावीस गुण मिळाले होते आणि त्या दिवशीचा वारही त्यांना सांगता आला नव्हता. परंतु निर्णय घेण्याची क्षमता गुणांवरून ठरत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये जे पाहायला सांगितले आहे ते एवढेच : दिलेली माहिती माणसाला समजते का, निर्णयाचे परिणाम उमगतात का आणि आपला निर्णय तो कळवू शकतो का. घेतलेला निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून ती क्षमता नाही असे म्हणता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. मी तोच प्रश्न थोड्या वेळाने वेगळ्या शब्दांत विचारला, आठवड्याने घरी जाऊनही विचारला. माझे नाव त्या विसरल्या होत्या, उत्तर मात्र तेच होते आणि कारणेही तीच होती.

मग बोलणे शेवटच्या टप्प्यावर आले. या आजारात पुढे गिळणे अवघड होते आणि पुष्कळ ठिकाणी अन्नासाठी नाकातून नळी घातली जाते. तिने आयुष्य वाढते किंवा अन्न श्वासनलिकेत जाण्याचे थांबते, असे दिसून आलेले नाही, म्हणून हाताने सावकाश भरवण्याचाच सल्ला दिला जातो. हे मी सोप्या शब्दांत सांगितल्यावर आक्का बराच वेळ गप्प राहिल्या. "चमच्यानं जाईल तेवढं द्या. न्हाई गेलं तर घसा वला करा. नळी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि मग खानावळवालीच्याच आवाजात, "आन् ते कसलंबी मिक्सरमधलं पाणी नगो. चव बघून द्या म्हणावं."

मला सर्वांत अनपेक्षित होते ते यानंतरचे. आक्कांनी स्वतःच मर्यादा घालून दिली. सासूच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी रात्री जागून काढल्या होत्या. तेव्हा त्याला कोणी आजार म्हणत नसे, म्हातारी भ्रमिष्ट झाली एवढेच म्हणत. "माझ्या सुनेची झोप गेली, नायतर मलाच ह्ये घर माजं वाटंना झालं, की मला कुटंतरी चांगल्या जागी ठेवा. एकदाच ठेवा. परत हलवू नका." आणि ती वेळ आली आहे हे कोणी ठरवायचे, तर मुलग्यांनी नव्हे, निपाणीला दिलेल्या लेकीने.

मुलगे परत आल्यावर आक्कांनी हे त्यांच्यासमोर पुन्हा सांगितले. थोरल्याचा चेहरा उतरला. "मॅडम, आम्ही दोघं असताना आईला आश्रमात ठेवलं, तर पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही." त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही, पेठेत लोक खरोखरच बोलतात आणि ते त्यालाच ऐकावे लागणार आहे. सून मात्र दाराशी उभी राहून ऐकत होती, आणि तिच्याविषयी सासूने काय म्हटले ते ऐकल्यावर ती आत येऊन खुर्चीवर बसली.

धाकट्याला कागदांची घाई होती. मुखत्यारपत्र केले की सगळे भागते, असा त्याचा समज होता. हा समज मला जवळजवळ प्रत्येक घरात आढळतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मानसिक संतुलन गेले की दिलेला अधिकार संपतो, म्हणजे ज्या दिवसासाठी ते केले त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते. मग कायदेशीर पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच असल्याने मुंबईची फेरी वाचते, वेळ आणि खर्च वाचत नाही. म्हणून आक्कांचे बँकेचे खाते, आक्का आणि लेक या दोघींपैकी कोणालाही चालवता येईल असे, लेकीबरोबर संयुक्त करणे आणि मृत्युपत्र वकिलांकडून, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह, आताच करून घेणे, हे दोन मार्ग मी सुचवले.

देखभालीविषयीच्या इच्छा २०१७ च्या अधिनियमानुसार लिहून घेतल्या आणि त्यातच लेकीला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत आक्कांच्या वतीने बोलणारी व्यक्ती) केले. नळीविषयीची इच्छा वेगळ्या दस्तात, म्हणजे 'लिव्हिंग विल'मध्ये, गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा दस्ताला मान्यता दिली तेव्हा तो न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करावा लागत असे. २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. साक्षीला शेजारचे दोघे आले. मजकूर मी आक्कांच्याच बोलीत दोनदा वाचून दाखवला. "चव बघून" हे शब्द वकिलांना खटकले, तरी आक्कांनी ते काढू दिले नाहीत.

दर सहा महिन्यांनी हे सर्व पुन्हा वाचायचे ठरले आहे, कारण क्षमता असेपर्यंत आक्कांना त्यात बदल करता येतो. दिवसा सोबतीला येणाऱ्या बाईंचा पगार धाकटा पुण्याहून पाठवतो. "एकदाच ठेवा" या कलमाला थोरल्याने अजून मनापासून होकार दिलेला नाही. पुढच्या बैठकीला लेक निपाणीहून येणार आहे आणि तो विषय तिच्यासमोर काढायचा, एवढे त्याने कबूल केले आहे.