आमची वाटचाल : बाटलीवरचं साल वाचायला शिकताना

मुंबईतल्या हॉटेलांना आणि रेस्टॉरंटांना लाल वाईन निवडून द्यायची, यादीत काय ठेवायचं, किती पेट्या घ्यायच्या ते सांगायचं, एवढंच आमच्या दादरच्या छोट्या फर्मचं काम. सुरुवातीला द्राक्षाची जात आणि वायनरीचं नाव पाहून माल सुचवायचो. कॅबर्ने, शिराझ, झिन्फांडेल, आणि खाली किंमत. पण त्याच लेबलचा पुढच्या सालचा माल आला की हॉटेलवाल्यांकडून हमखास ऐकायला मिळायचं : मागच्या वेळची चव ही नव्हे. त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून आमच्याकडे चवीच्या वहीशेजारी हवामानाची वही आली, आणि खरेदी आता तिच्यावरून जास्त ठरते.

या वहीचं पान जानेवारीत उघडत नाही, एप्रिलमध्ये उघडतं. बाटलीवर छापलेलं साल काढणीचं असतं, पण नाशिककडची वेल युरोपातल्यासारखी हिवाळ्यात झोपत नाही. तिच्या वर्षातून दोन छाटण्या होतात, पीक मात्र एकच. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, आणि जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत काढणी. म्हणजे बाटलीवर २०२४ असेल तर तिची गोष्ट २०२३च्या एप्रिलपासून सुरू होते. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ७० दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात आभाळ सतत भरलेलं राहिलं, ऊन मिळालं नाही, तर ऑक्टोबरच्या फुटीत घड कमी दिसतात. कमी घड म्हणजे दाट वाईन, असं सरसकट धरणाऱ्यांशी आमचं पटत नाही. घड थोडे असले की वेलीची ताकद पानांत जाते, घड सावलीत राहतात, आणि सावलीतल्या कॅबर्नेला ढोबळी मिरचीचा वास येतो. पानं वेळेवर विरळ केली का, हे बागायतदाराला तेव्हाच विचारायचं.

ऑक्टोबरच्या रकान्यात परतीचा पाऊस. फूट कोवळी आणि पानं ओली असली की केवडा हा बुरशीरोग येतो. तो पानावर थांबला तर फवारणीने आवरतो, पण फुलोऱ्यात घडावर उतरला की तो घड गेला. २००९च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ आणि २०१९चा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस नाशिकच्या बागायतदारांना याच कारणाने आठवतो. खरेदीदाराने इथे एक फरक लक्षात ठेवावा. या पावसाने माल घटतो, पण उरलेला माल वाईट असेलच असं नाही. खरी अडचण असते ती मण्यांच्या असमान सेटिंगची. फुलोऱ्यात पाऊस पडला की एकाच घडात मोठे, बारके आणि पुढे कधीच न पिकणारे हिरवे मणी एकत्र राहतात. निवड टेबलावर ते काढले नाहीत, तर हिरवट तुरटपणा थेट टाकीत जातो.

पाऊस थांबून ढगाळ, दमट दिवस लागले की भुरी, म्हणजे पांढऱ्या पुडीसारखी बुरशी. तिच्यावर गंधक मारतात. ते काढणीच्या फार जवळ मारलं तर आंबवताना यीस्ट त्याचा सडक्या अंड्यासारखा वास करतं. नमुन्यात शंका आली की आम्ही दोन ग्लास भरतो आणि एकात तांब्याची स्वच्छ तार ढवळतो. त्या ग्लासातला वास उतरला तर दोष गंधकाचा. तो ग्लास मग ओतून द्यायचा, प्यायचा नाही.

वहीतला सगळ्यात जाड भाग मात्र मण्यात पाणी उतरल्यानंतरचा, म्हणजे मणी पिकायला लागल्यानंतरचा. हिरवा, कडक मणी मऊ पडतो, लाल जातीत रंग धरतो, साखर चढायला लागते. इथून काढणीपर्यंतच्या प्रत्येक रात्रीचं किमान तापमान आम्ही लिहून ठेवतो. नाशिकच्या जानेवारीत दिवसा २८-२९ अंश आणि पहाटे १० च्या आसपास, हा लाल वाईनसाठी उत्तम मेळ. दिवसा साखर बनते, आणि थंड रात्री मण्यातलं मॅलिक आम्ल जळून जात नाही. सालीतला रंगही टिकतो. पारा ३५ च्या वर जाऊ लागला की तो रंग बनायचा मंदावतो आणि बनलेलाही विरतो.

रात्री उबदार गेल्या की साखर पुढे पळते आणि बाकीचं मागे राहतं. फेब्रुवारीच्या मध्यावर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, २४ दिसतो, म्हणजे अंदाजे साडेतेरा ते चौदा टक्के अल्कोहोलची तयारी झाली. पण मणी फोडून बी चावली तर ती हिरवी, चिवट आणि कडू. पिकलेली बी तपकिरी असते आणि दाताखाली भाजल्या दाण्यासारखी कुरकुरते. वायनरीपुढे तेव्हा दोनच वाटा. आता काढलं तर कच्चा तुरटपणा येणार, थांबलं तर अल्कोहोल वाढणार आणि आम्ल घसरणार. रसाचा पीएच (हा आकडा जितका वर, तितकी आम्लता कमी) ३.८ च्या पुढे गेला की आंबवण्याआधी टार्टारिक आम्ल घालतात. लिटरला एक ग्रॅम घातलं की पीएच साधारण ०.१ ने उतरतो. चव सावरते, पण अशा वाईनच्या टिकाऊपणावर आम्ही फार भरवसा ठेवत नाही. कारण साधं आहे. वाईन टिकवायला घालतात त्या सल्फाइटचं तेवढंच संरक्षण मिळवायला पीएच ३.४ ला मोकळं सल्फाइट लिटरला ३२ मिलिग्रॅम पुरतं, तर ३.८ ला जवळजवळ ८० लागतं. वायनरी इतकं घालत नाही, आणि घालूही नये.

थंडी जास्त झाली तरी फायदाच, हाही गैरसमज. निफाडला पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आल्या की मुंबईत वाईनवाले खूश होतात, पण त्या गारठ्यात वेल कामच थांबवते. पिकणं लांबतं, काढणी मार्चच्या उन्हात ढकलली जाते, आणि जानेवारीने वाचवलेलं आम्ल मार्च खाऊन टाकतो.

काढणीच्या तोंडावरचा पाऊस वेगळा. २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीसारखा तडाखा बसला तर बोलायलाच नको. पण नुसत्या अवकाळी सरीही पुरतात. भारी काळ्या जमिनीत पाणी साचून राहतं, मुळं ते ओढतात, मणी फुगतात आणि तडकतात. फुगलेल्या मण्यात सालीच्या मानाने रस जास्त, म्हणून रंग पातळ. त्यावर इलाज म्हणून काही वायनऱ्या आंबवण सुरू होण्याआधी टाकीतला १० ते १५ टक्के रस काढून रोझेला, म्हणजे गुलाबी वाईनला, वापरतात. उरलेल्या रसाला मण्यांची साल जास्त मिळते. मुरमाड उताराच्या बागेत पाणी निघून जातं, तेव्हा एकाच गावातल्या दोन बागांचं एकच साल वेगळं निघू शकतं. तडकलेल्या मण्यावर बुरशी आली तर मात्र कोणताही इलाज अर्धाच. तिच्यातून लॅकेझ नावाचं विकर रसात उतरतं, ते रंग खातं आणि सल्फाइटला फारसं दबत नाही. याची आमची चाचणी बिनखर्चाची आहे. टाकीचा नमुना अर्धा ग्लास भरून २४ तास उघडा ठेवायचा. दुसऱ्या दिवशी कडेला तपकिरी छटा आणि तळाशी गढूळपणा दिसला की त्या टाकीचा विषय तिथेच संपवायचा.

आयात मालासाठी ही वही उलटी वाचावी लागते. फ्रान्सच्या बोर्डोत धास्ती एप्रिलच्या दहिवराची, जूनच्या फुलोऱ्याची आणि सप्टेंबरच्या पावसाची. २००३ची लाट उष्णतेची होती, २०१३ थंड आणि ओलं गेलं, २०२१ला आधी दहिवर आणि मग ओला उन्हाळा. कोणतं साल कसं गेलं ते सांगणारे तिथले विंटेज तक्ते चांगले असतात, पण ते समोर ठेवून नाशिकची बाटली निवडणं म्हणजे कोकणच्या पंचांगावर विदर्भाची पेरणी.

मुंबईत माल आला की सालाचा हिशेब संपत नाही. थंड रात्रींच्या सालातली, पीएच साडेतीनच्या आसपासची वाईन १५ अंशांच्या खोलीत दोन-तीन वर्षं सहज काढते. उष्ण सालाची तीच वाईन बारच्या मागे, कॉफी मशीनच्या वरच्या फळीवर ठेवली तर एका मे महिन्यात मुरंब्यासारखी लागायला लागते. म्हणून उष्ण सालाच्या पेट्या आम्ही कमी मागवतो आणि पुढच्या एप्रिलच्या आत संपवतो. कसारा घाट उतरणारी गाडी मार्चनंतर रात्रीचीच लावतो. आणि "रूम टेंपरेचर" हा शब्द वेटरच्या प्रशिक्षणातून आम्ही काढूनच टाकला आहे. आपली रूम तीस अंशांची असते. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर ओतायची, आणि उष्ण सालाची असेल तर आणखी थोडा वेळ ठेवायची. नाहीतर पहिल्या घोटाला फक्त अल्कोहोल नाकात जातं.