एमजी टीडीच्या इंजिनातील बोल्ट ओळखताना: माझा अनुभव

माझ्या १९५२ सालच्या एमजी टीडी या इंग्रजी स्पोर्ट्स गाडीचे चेसिस, ब्रेक आणि रंगकाम मार्गी लागले, पण इंजिनाच्या तळाशी असलेला ऑइल संप बसवण्याचे बोल्ट मिळवण्यात माझे सात आठवडे गेले आणि त्याचा राग अजूनही मनातून जात नाही. ज्याच्या हाती अशी गाडी आली आहे, त्याचे तरी हे आठवडे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

संप उतरवला तेव्हा चार बोल्ट नव्हतेच आणि उरलेल्यांपैकी बरेचसे गंजलेले होते. त्यातल्या बऱ्या बोल्टाचा दांडा व्हर्नियरवर ७.९ मिलिमीटर भरला. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. डोक्याला १३ चा मेट्रिक पाना चढत नव्हता, व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी मापपद्धतीतला पाव इंची पाना मात्र नेमका बसत होता. चेसिसवर सर्वत्र बीएसएफ (बारीक आट्यांची जुनी ब्रिटिश इंची जात) आटे आढळले होते, त्यामुळे हा बोल्टही ५/१६ बीएसएफ असणार, असे मी धरून चाललो. मागवलेले बोल्ट आले आणि दीड फेऱ्यांतच अडकले.

ज्या विक्रेत्याकडून ते घेतले होते, त्याच्याकडे फोन केला. त्या काळच्या इंग्रजी गाडीत मेट्रिक आटे असूच शकत नाहीत, आधीच्या कोणा मालकाने भोकांत यूएनएफ (बारीक आट्यांची नंतरची इंची जात) आटे पाडले असतील, असे मला ठामपणे सांगण्यात आले. दुसरे पाकीट यूएनएफचे आले. हे बोल्ट तीन फेऱ्या सहज फिरले, म्हणून मी पान्याने अर्धी फेरी जोर दिला. बाहेर काढल्यावर आट्यांत बिडाचा काळा चुरा दिसला आणि पोटात गोळा आला, कारण ब्लॉकमधले आटे गेले तर बोल्टाचा प्रश्न इंजिनाचा होऊन बसतो. पाकीट उघडलेले असल्याने पैसेही परत मिळाले नाहीत.

विक्रेत्याचे ते ठाम विधान मुळातच चुकीचे होते. मी राहतो त्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतच त्याचे कारण दडलेले आहे. हॉचकिस या फ्रेंच शस्त्रनिर्मात्या कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या काळात येथील गॉस्फर्ड स्ट्रीटवर कारखाना काढला; युद्धानंतर तेथे मॉरिस मोटारींसाठी इंजिने बनू लागली आणि १९२३ मध्ये विल्यम मॉरिस यांनी तो कारखानाच विकत घेतला. यंत्रे आणि रेखाचित्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण इंग्लंडमधल्या गॅरेजांत पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टांची डोकी व्हिटवर्थच्या मापाची ठेवली गेली. ही परंपरा टीडीच्या १२५० सीसी एक्सपीएजी इंजिनापर्यंत चालत आली. माझा बोल्ट ८ मिलिमीटरचा, १ मिलिमीटर पिचचा, म्हणजे लगतच्या दोन आट्यांत १ मिलिमीटर अंतर असलेला होता. इंचाला २४ आटे असलेल्या यूएनएफची पिच १.०६ मिलिमीटर होते, इंचाला २२ आटे असलेल्या बीएसएफची १.१५. यूएनएफ आधी फसवतो आणि मग भोक खराब करतो, तो या एवढ्याशा फरकामुळे.

आट्यांचा गेज, म्हणजे पिच जुळवून पाहण्याची दातेरी पाने, वापरतानाही जपावे लागते. इंची गेजचे २६ चे पान माझ्या बोल्टावर जवळजवळ बसले आणि दोन दिवस मी सायकलच्या आट्यांच्या मागे लागलो, कारण त्या जातीच्या ५/१६ इंच जाडीच्या बोल्टाला दर इंचाला २६ आटे असतात. मेट्रिक गेजचे १.० चे पान लावून बोल्ट दिव्यासमोर धरला, तेव्हा मधून प्रकाशाची रेघसुद्धा येत नव्हती. आखूड बोल्टावर फरक कळत नाही; निदान १५-२० आटे असलेला बोल्ट मोजायला घ्यावा आणि तोही वायर ब्रशने साफ करून. आटे नेमके कोणते ते कळेपर्यंत भोकात टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) घालू नये आणि बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत जात नसेल तर पाना हातात घेऊ नये.

८ बाय १.० चे बोल्ट आजही मिळतात, पण त्यांचे डोके १३ मिलिमीटरचे असते आणि मूळचे १३.३. गाडी मूळ रूपात राखायची असेल, तर टी मालिकेच्या एमजींचेच काम करणाऱ्या पुरवठादाराकडून व्हिटवर्थ डोक्याचे बोल्ट घ्यावेत. माझे तसेच आले. पहिला बोल्ट बोटांनी फिरत फिरत तळापर्यंत गेला, तेव्हा मी तो पुन्हा काढून पुन्हा लावला, केवळ ते फिरणे अनुभवण्यासाठी. ज्या भोकात यूएनएफ घुसवला होता, तेथेही आटे धरून होते.

आधीच सांगायला हवे होते ते असे की डोक्यावर गोल खळगा किंवा एकमेकांत गुंतलेली वर्तुळे दिसली, तर तो बोल्ट यूएनएफ किंवा यूएनसी (त्याचीच जाड आट्यांची जोडजात) जातीचा, म्हणजे टीडीवर बहुधा नंतर कोणीतरी बसवलेला असतो. त्याला नमुना मानू नये. ल्युकास या इंग्रजी कंपनीच्या विजेच्या भागांत बीए, म्हणजे लहान स्क्रूंच्या ब्रिटिश जातीचे आटे असतात. २ बीएची पिच ०.८१ मिलिमीटर आणि एम ५ (५ मिलिमीटरचा मेट्रिक स्क्रू) ची ०.८, म्हणून गेजवर दोन्ही सारखेच दिसतात. तेथे व्यास मोजावा. ४.७ भरला तर २ बीए, ५ च्या जवळ भरला तर एम ५.