हाय-हॅट मशीनला द्यायचं नाही

९० च्या टेम्पोला (मिनिटाला ९० मात्रा) चार मात्रांचे चार बार म्हणजे १०.६७ सेकंद. लूपरवर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा वाजवणारं पेडल) गिटारचा लूप पायाने बंद करताना ३० मिलिसेकंद उशीर झाला तर पहिल्या फेरीत जाणवतही नाही. दहाव्या फेरीपर्यंत माझी गिटार ड्रम मशीनच्या ०.३ सेकंद मागे गेलेली असते! म्हणून आता दोन्ही मिडी क्लॉकवर (यंत्रांना एकाच लयीत ठेवणारा सिग्नल) जोडतो. मशीन दर मात्रेला २४ पल्स पाठवतं आणि लूपर त्यावरच लूप कापतो.

खरी गंमत स्विंगमध्ये आहे. रॉजर लिन यांनी १९८० च्या एलएम-१ या ड्रम मशीनमध्ये ही सोय दिली: प्रत्येक दुसरा सोळांश (पाव मात्रेचा) ठोका किंचित उशिरा. जोडीतल्या पहिल्या ठोक्याला ५० टक्के वेळ म्हणजे अगदी सरळ, ६६ च्या आसपास ट्रिपलेटची (तीन समान भागांची) चाल. मी ५६ वर थांबतो, कारण माझा उजवा हात आपोआप तिथेच झुकतो (रेकॉर्डिंग ताणून मोजलंय).

आणि मशीनचा हाय-हॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) बंद. किक, स्नेअर हे ड्रम मशीनकडे. वरचा शेकर (हलवून वाजवायचा खुळखुळा) माझ्या हातात. तो लूपमध्ये घेत नाही, शेवटपर्यंत वाजवतो. मनगट भरून येतं, पण प्रत्येक फेरी वेगळा श्वास घेते, आणि मला तेच हवं असतं.