मलिंग नाल्याच्या पलीकडे

पुण्यात माझं गॅरेज आहे, पण उन्हाळ्यात लडाखला आणि हिवाळ्यात स्पितीला बाइक टूरबरोबर मेकॅनिक म्हणून जातो. टूरमध्ये पुढे रस्ता माहीत असलेला हिमाचली पोरगा, मध्ये गिऱ्हाईक, सगळ्यात शेवटी मी. माझ्या मागे पाने, ट्यूब आणि पेट्रोलचे कॅन भरलेली बॅकअपची गाडी. कोण कसं चालवतंय हे शेवटच्या माणसाला दिसतं तेवढं पुढच्याला दिसत नाही.

फेब्रुवारीत मनालीकडून स्पितीत जाता येत नाही. साडेचार हजार मीटरवरची कुंझुम खिंड बंद असते. मग शिमला, रामपूर, रेकाँग पिओ करत किन्नौरमधून वर चढायचं. त्या खेपेला आम्ही नाकोला मुक्काम केला होता. उंची सुमारे ३,६०० मीटर, गावातलं तळं गोठलेलं, नळ गोठलेले, अंघोळीचा विषयच नाही. माणसं तंदूरभोवती बसतात. तिकडे तंदूर म्हणजे खोलीच्या मध्यावरची लोखंडी शेगडी, रोट्या भाजायची भट्टी नव्हे.

माझं काम माणसं झोपल्यावर सुरू होतं. सगळ्या बॅटऱ्या काढून घरात नेल्या, कारण थंडीत बॅटरीचा निम्मा जीव जातो आणि इंजिनातलं ऑइल दाट झाल्यामुळे सेल्फला जोर मात्र जास्त लागतो. ओल्या ब्रेकनिशी गाडी उभी केली तर पॅड डिस्कला चिकटून बसतात, म्हणून मुक्कामाच्या आधी मी सगळ्यांना थोडं ब्रेक दाबत चालवायला लावतो. तेवढ्यानं डिस्क गरम होऊन कोरडी होते. क्लचच्या केबलमध्ये पाणी शिरलेलं असेल तर सकाळी लिव्हर हलत नाही. मुंबईहून आलेला एकजण निघायच्या आदल्या दिवशी गाडी प्रेशर वॉशरनं चकाचक धुऊन आला होता. त्याची केबल मी रात्रीच काढून शेगडीजवळ टांगली. ट्रकवाले डिझेल गोठलं की टाकीखाली आगटी पेटवतात. ते बघून एकानं आपल्या बाइकखाली निखारे ठेवू का म्हणून विचारलं. पेट्रोलच्या गाडीखाली! त्याला आत पाठवून दिलं.

सकाळी सगळ्यांचं म्हणणं एकच, ऊन येऊ दे, बर्फ वितळू दे, मग निघू. मैदानात राहणाऱ्याला हे बरोबर वाटतं. पण नाकोच्या पुढे काही किलोमीटरवर मलिंग नाला आहे, आणि तिथे उलटं गणित चालतं. नाल्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि रात्री जागच्या जागी गोठतं. पहाटेचा कडक थंड बर्फ थोडा तरी धरून ठेवतो. ऊन लागलं की त्याच्यावर पाण्याचा पातळ थर येतो, आणि ओल्या बर्फाइतकं निसरडं दुसरं काही नाही. त्यामुळे मी आणि हिमाचली पोरगा, दोघांनी मिळून सगळ्यांना उजाडताच बाहेर काढलं. शिव्या खाल्ल्या.

नाल्यावर बर्फाची लादीच होती, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि दरीकडे उतरती. ताजा भुसभुशीत बर्फ परवडला, त्यात टायरचे दात रुततात. इथे दात टेकायला जागा नव्हती. समोरून हिमाचल परिवहनची बस आली, मागच्या चाकांना साखळ्या बांधलेल्या. कंडक्टर खाली उतरून फावड्यानं माती टाकत होता आणि बस त्याच्या मागून इंच इंच सरकत होती. ड्रायव्हरनं खिडकीतून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “चेन लगी है फिर भी नाच रही है। आप लोग पैदल ले जाओ।”

मागच्या चाकांवर आम्ही आदल्या दिवशीच दोऱ्या गुंडाळल्या होत्या. तारांची चाकं असली की दोरी आऱ्यांमधून ओवून टायरभोवती फिरवता येते. फक्त गाठ ब्रेकच्या कॅलिपरला किंवा मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला, म्हणजे स्विंगआर्मला, घासत नाही ना, हे चाक हातानं फिरवून बघायचं. पण दोरीचा उपयोग गाडी पुढे ढकलण्यापुरता. माणूस पडतो तो बहुतेक वेळा पुढचं चाक सटकून, आणि त्याला काही बांधलेलं नसतं.

मी सगळ्यांना बुटांवरून लोकरीचे मोजे चढवायला लावले. विचित्र दिसतं, पण बर्फावर पाय ठरतो. मग एकेक गाडी चालत न्यायची. इंजिन बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये, पुढच्या ब्रेकवर बोटसुद्धा नाही. क्लच दाबला की गाडी सरकते, सोडला की मागचं चाक थांबतं, म्हणजे क्लच हाच ब्रेक. हँडल धरणारा डोंगराच्या बाजूला राहणार आणि दुसरा मागून कॅरिअरला बांधलेला दोर धरणार. गाडी दरीकडे घसरायला लागली तर दोघांनी ती सोडून द्यायची. हे मी प्रत्येकाकडून बोलून घेतो, कारण ऐनवेळी लाख-दोन लाखांची वस्तू हातातून सुटत नाही.

कोल्हापूरचे एक काका होते, फौंड्रीचे मालक, साठीला आलेले. त्यांना हे चालत न्यायचं काही पटेना.

“मिस्त्री, बैलगाडी हाय व्हय ही? चालवत नेतो की.”

“काका, मागचा एबीएस बंद करा, दुसऱ्या गिअरमध्ये टाका आणि काही झालं तरी ब्रेकला हात लावू नका,” एवढंच मी म्हणालो. एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा. वाद घालत उभं राहिलो असतो तर ऊन आलं असतं. शिवाय आदल्या दिवसापासून मी त्यांचं चालवणं बघत होतो. रेस सोडायला आणि द्यायला त्यांचा हात मऊ होता.

काका बसले. दोन्ही पाय खाली सोडलेले, नुसते टेकवत, वजन कुठल्याच बाजूला नाही. हाफ क्लचवर इंजिन पुटपुटत होतं. मध्यावर मागचं चाक वीतभर दरीकडे गेलं. त्यांनी हँडल वळवलं नाही, रेसही कमी केली नाही. चाक आपलं आपण सरळ झालं. पलीकडे पोचल्यावर सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि माझं काम वाढलं. आता प्रत्येकालाच चालवत न्यायची होती. उरलेल्या सगळ्यांच्या किल्ल्या मी खिशात घातल्या आणि गाड्या ढकलत पार करवल्या.

तिथून रस्ता चांगोकडे उतरतो. चांगो सफरचंदांचं गाव, उंची कमी, वारा कमी, ऊनही आलेलं. डांबर कोरडं दिसायला लागलं. खांदे सैल झाले. कुणीतरी हेल्मेटमध्ये गाणं म्हणत होतं.

नाशिकची एक मुलगी होती, बँकेत नोकरीला. अख्ख्या ग्रुपमध्ये सगळ्यात नीट चालवणारी तीच. अंतर ठेवणारी, कुणाशी चढाओढ न करणारी. माझ्यापुढे दोन गाड्या सोडून ती होती. डोंगराच्या सावलीतलं वळण, त्यावर रस्त्याखालून पाणी जायची मोरी. मोरी तुंबलेली, म्हणून दिवसा वितळलेलं पाणी रस्त्यावर पसरून रात्री गोठलेलं. बर्फ इतका पातळ आणि पारदर्शक की खालचं डांबरच दिसतं, जणू नुकतं ओलं झालंय. शिवाय मोरीवरच्या रस्त्याला खालूनही थंडी लागते, त्यामुळे आजूबाजूचं सुकलं तरी तिथलं तसंच राहतं. गाडीचा वेग पंचविसाच्या वर नसेल. ओल दिसली म्हणून तिनं फक्त रेस सोडली. ब्रेक दाबला नाही, काही चुकलं नाही. पण एका सिलिंडरच्या मोठ्या इंजिनात रेस एकदम मिटली की मागच्या चाकाला ब्रेक लागल्यासारखंच होतं. चाक बाजूला गेलं आणि गाडी डोंगराच्या अंगाला आडवी झाली.

मी हात वर करून मागच्या बॅकअपला थांबवलं आणि धावत निघालो. तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच माझं बूड टेकलं. शेवटचं अंतर रांगत गेलो.

तिचा पाय पॅनिअरखाली, म्हणजे गाडीच्या बाजूला लावलेल्या सामानाच्या पेटीखाली होता, पण पॅनिअरच्या फ्रेममुळे चेपला नव्हता. खांदा मात्र पुढे ओघळलेला.

“दादा, लिव्हर तुटली का?” तिनं पहिलं हेच विचारलं.

“लिव्हर आहे माझ्याकडे. बोटं हलवून दाखव.”

बोटं हलत होती, हातात मुंग्या नव्हत्या. हेल्मेट तिनं स्वतः काढलं, मान दुखत नाही असं दोनदा सांगितलं. हाताची झोळी बांधून वरून जॅकेटची चेन लावून टाकली, म्हणजे हात जागचा हलत नाही आणि अंगातली ऊबही जात नाही. थंडीत मार लागलेला माणूस भरभर गार पडतो, त्याचीच मला जास्त काळजी होती. तिला बॅकअपमध्ये हीटरजवळ बसवलं. ड्रायव्हर किन्नौरचाच. गाडी वळवून तो तिला रेकाँग पिओच्या रुग्णालयात घेऊन गेला, म्हणजे आम्ही उजाडता उजाडता ओलांडलेला नाला त्याला पुन्हा, भर दुपारी, ओल्या बर्फावरून पार करायचा होता. चारही चाकांना साखळ्या घालून तो गेला.

हे सगळं चालू असताना कोल्हापूरचे काका कुठे दिसेनात. मागे वळून बघतो तर ते खालच्या बागेच्या कडेची माती स्टीलच्या ताटलीनं उकरून, जॅकेटच्या ओच्यात भरून वर आणत होते आणि मोरीवर टाकत होते. त्यांच्या किती खेपा झाल्या कुणास ठाऊक. मागून आलेली एक पिकअप त्या मातीवरून न डगमगता गेली.

तिची गाडी मी स्वतः चालवत पुढे आणली. माझी हिमाचली पोरानं घेतली, आणि त्याची दुसऱ्या दिवशी परत येऊन न्यायचं ठरलं. सुमदोच्या चेकपोस्टवर नोंद करताना एक माणूस कमी का, याचं उत्तर द्यावं लागलं. ताबोला पोचेपर्यंत मठाच्या मातीच्या भिंती काळोखात गेल्या होत्या. रात्री पिओहून फोन आला. कॉलर बोन मोडलं होतं, बाकी ठीक.

तंदूरजवळ बसून मी सांगून टाकलं, की स्पितीतल्या काझापर्यंतचा, म्हणजे टूरच्या शेवटच्या मुक्कामापर्यंतचा, उरलेला रस्ता जीपनं करायचा, गाड्या ताबोतच राहतील. पैसे भरलेत, सुट्टी घेतलीये, काझाच्या पाटीसमोर बाइकसकट फोटो हवाय, असं सगळं ऐकून घेतलं. सगळ्यात आधी कोल्हापूरचे काका गप्प झाले. मला वाटलं, पटलं. सकाळी जीप आली तेव्हा कळलं, की पुढची सीट कुणाची यावर त्यांचं आणि मुंबईच्या पोराचं भांडण रात्रीच लागलं होतं, आणि काका पहाटे पाचपासून तिथे पिशवी ठेवून उभे होते.