बेअरिंग मोडेपर्यंत फिरवताना : आमची वाटचाल

भोसरीत आम्ही सुरुवात केली ती कंपनं मोजून देण्यापासून. हातातलं मीटर, चुंबकावर बसणारा सेन्सर, आणि प्रत्येक बेअरिंगवर आडवं, उभं आणि शाफ्टच्या दिशेने अशी तीन मोजमापं. १५ ते ३०० किलोवॅटचं, पक्क्या पायावर बसवलेलं यंत्र ४.५ मिलिमीटर प्रतिसेकंदाच्या वर गेलं, की आयएसओचा तक्ता धोका दाखवतो. तेवढं सांगणं सोपं होतं. पण मेंटेनन्सवाल्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : दिवाळीच्या शटडाउनपर्यंत निघेल का? याचं उत्तर तक्त्यात नाही. ते शोधणाऱ्या पद्धती पारखून घ्यायच्या, म्हणून आम्ही डेटा सायन्सची स्पर्धा भरवू लागलो : सेन्सरच्या नोंदींवरून यंत्राचं किती आयुष्य उरलंय ते सांगायचं.

पहिली फेरी तयार डेटावर घेतली. नासाचा ‘सी-मॅप्स’ हा टर्बोफॅन इंजिनांचा संच नवख्यांसाठी फार चांगला आहे. त्याच्या पहिल्या भागात मॉडेलला, म्हणजे अंदाज बांधणाऱ्या प्रोग्रामला, शिकण्यासाठी १०० आणि चाचणीसाठी १०० इंजिनं, प्रत्येक ओळीत २१ सेन्सर आणि चालवण्याच्या ३ सेटिंग. मात्र तो सिम्युलेशनमधून, म्हणजे संगणकावरच्या नकली इंजिनांतून, आलेला आहे आणि चाचणीची उत्तरंही सोबतच मिळतात. सरावाला ठीक, पण त्यावर बक्षीस लावता येत नाही. खऱ्या बेअरिंगांचा नमुना हवा असेल तर फ्रान्समधल्या बेझांसाँच्या फेमटो-एसटी संस्थेचा २०१२ च्या स्पर्धेचा संच पाहावा : १७ बेअरिंगं, दर १० सेकंदांनी ०.१ सेकंदाची नोंद, २५.६ किलोहर्ट्झ. यातली शिकण्यासाठी दिलेली फक्त ६. इतक्या कमी नगांवर मॉडेल उभं करणं हीच या विषयाची खरी अडचण आहे.

स्वतःचा डेटा काढायचा तर टेस्ट रिग, म्हणजे बेअरिंग मोडेपर्यंत फिरवणारा सांगाडा, लागतो, आणि इथे बहुतेकांचा वेळेचा अंदाज चुकतो. ६२०५ बेअरिंग घ्या. कॅटलॉगमधल्या डायनॅमिक क्षमतेच्या (ज्या भाराखाली सूत्राप्रमाणे आयुष्य १० लाख फेरे येतं) निम्मा भार दिला, तर सूत्राप्रमाणे आयुष्य येतं दोनाचा घन, म्हणजे ८ दशलक्ष फेरे. १५०० आरपीएमला तासाला ९०,००० फेरे होतात, म्हणून साधारण ८९ तास. पण हा आकडा शंभरातली नव्वद बेअरिंगं जिथवर पोहोचतात तिथला आहे. निम्मी जायला त्याच्या सुमारे पाचपट वेळ, म्हणजे अठरा-एकोणीस दिवस लागतात. घाई म्हणून भार आणखी वाढवू नये. धातू वेगळ्याच पद्धतीने दबतो आणि कारखान्यातल्या झिजेशी त्याचं नातं उरत नाही. वेळ वाचवायचा तर एकाऐवजी चार स्पिंडल (बेअरिंग फिरवणारे दांडे) बांधावेत.

सेन्सर चुंबकावर न ठेवता स्टडने (आट्यांच्या खिळीने) आवळून बसवावा, नाहीतर वरच्या फ्रिक्वेन्सी बिघडतात आणि झिजेची पहिली चाहूल तिथेच असते. वेग टॅकोने, म्हणजे फेरे मोजणाऱ्या मीटरने, नोंदवायचाच. ६२०५ च्या बाहेरच्या रेसवरचा (गोळ्या जिच्यावरून फिरतात त्या कड्यावरचा) दोष १५०० आरपीएमला ८९.६ हर्ट्झला दिसतो, पण भाराखाली मोटर १४५० वर आली की तोच ८६.६ ला जातो. वेगाचा रकाना नसेल तर स्पर्धक चुकीच्या जागी शोधत बसतात.

‘बेअरिंग गेलं’ म्हणजे नेमकं कधी, हे रिग सुरू करण्याआधी लिहून ठेवावं. फेमटोच्या चाचणीत कंपन २० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २० पट त्वरण) ओलांडलं की थांबवायचे. आम्ही मर्यादा सलग तीन नोंदींत ओलांडली तरच धरतो. शेजारी कुणी हातोडा मारला तरी एखादी नोंद उसळते. थांबल्यावर बेअरिंग कापून पाहतो. बाहेरच्या रेसवर तिळाएवढा पोपडा सुटलेला असतो, ग्रीस काळं पडलेलं, आणि ते अंगठ्यावर घासलं की बारीक चमचमता कण लागतो. कधी चाचणीचं बेअरिंग धडधाकट निघतं आणि रिगचा शाफ्ट पेलणारं आधाराचं बेअरिंग गेलेलं असतं. तो संच स्पर्धेतून काढून टाकावा लागतो, महिनाभर रिग चाललेला असला तरी.

यापुढचं सगळं लक्ष गळतीवर, म्हणजे चाचणीचं उत्तर मॉडेलला नकळत आधीच कळण्यावर. दर १० मिनिटांच्या नोंदी एकत्र ढवळून ८०-२० वाटल्या, तर शेजारच्या दोन नोंदी जवळपास सारख्याच असल्याने मॉडेल नुसतं पाठ करतं. म्हणून एका बेअरिंगच्या सगळ्या नोंदी एकाच बाजूला. आमच्या सुरुवातीच्या संचात फाइलच्या नावात अनुक्रमांक राहिला होता आणि मशीन ट्रिप झाल्यावर शेवटची फाइल लांबीला कमी पडत होती. कंपन न वाचता यावरून उत्तर काढता येतं. आता नावं बदलतो, वेळेचे शिक्के काढतो, शेवटची फाइल वगळतो. चाचणीच्या नोंदी आयुष्याच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर तोडतो. सगळ्या शेवटाजवळ तोडल्या, तर ‘थोडंच उरलं’ असं सरसकट लिहिणारा जिंकतो.

गुण देताना उशीर महाग पडला पाहिजे, कारण अंदाजाआधी यंत्र बंद पडलं की लाइन थांबते. २००८ च्या पीएचएम (यंत्रांच्या बिघाडाचं भाकीत करण्याच्या) स्पर्धेचं सूत्र त्यासाठी चांगलं आहे : इंजिनाच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज २० फेऱ्यांनी (उड्डाणांनी) कमी धरला तर दंड ३.७, तेवढाच जास्त धरला तर ६.४. पण १०० ने जास्त धरला तर दंड २२,००० च्या वर जातो आणि एकच इंजिन सगळा निकाल गिळून टाकतं. म्हणून आम्ही प्रत्येक नगाच्या दंडाला कमाल मर्यादा लावतो. सोबत एक साधा पायाही जाहीर करतो : सरासरी आयुष्य वजा चाललेले तास. सेन्सरकडे न बघता येणाऱ्या या उत्तराला जो हरवू शकत नाही, त्याच्या मॉडेलमध्ये कंपनाचा काही उपयोग झालेला नाही.

चाचणीत दहा-बाराच नग असतात, म्हणून गुणफलकावरचे वरचे पाच जण नशिबानेही हलतात. दिवसाला दोनच उत्तरं घेतो. शेवटी कोड मागवतो, इंटरनेट नसलेल्या मशीनवर चालवतो आणि कुणालाच न दाखवलेल्या बेअरिंगांवर निकाल लावतो. त्यात क्रम बऱ्यापैकी उलटतो. पुढच्या फेरीसाठी चालू-बंद होणाऱ्या मोटरचे नग रिगवर चढवले आहेत. त्यात भार गेल्यावर कंपन खाली येतं आणि बेअरिंग सुधारल्यासारखं दिसतं, म्हणून भाराचा रकाना वेगाच्या शेजारीच देणार आहोत.